भांगाचे दिवस

चौथ्यांदा उठलं ते दशमीच्या पहाटे.
खाडीला भांग, आणि मला उधाण.
डाव्या कुशीत, खाली,
उघाडीच्या चाव्या मी जिथं खोचतो
बरोबर तिथं.
आधी वाटलं, रात्रीचं वालाचं बिरडं.
मग ताप चढला
आणि बिरडं निर्दोष सुटलं.

अलिबागला डॉक्टर मुकादमांनी
सीटीच्या काळ्या फिल्मवर पेनाचं टोपण फिरवलं.
हे फुगे. भिंत पातळ झाली तिथं बाहेर आलेत.
त्यातला हा चिडलाय.
आजाराचं नाव लांबलचक. मी दोनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा द्वारकी हसली
तेव्हा सोडून दिलं.

मी खारेपाटातला.
भिंत पातळ होते म्हणजे काय, मला शिकवायला नको.
कुर्ली बीळ करते, करंगळी जाईल न जाईल एवढं,
महिनाभर खाडी त्यातून नुसती आत बघते,
आणि एका रात्री खांड पडते.
मग तीन वर्षं त्या शेतात भात नाही.

ताप असेस्तोवर पेज, तीही वरची.
उतरला की मऊ भात, मीठ, बास.
आणि बरं वाटायला लागलं की सगळं उलट:
कोंडा खा, पालेभाजी खा, राता तांदूळ खा.
एका तोंडाला दोन पंचांगं.
बियांचं तर विचारूच नका.
पहिल्या डॉक्टरनं तीळ, भेंडी, टोमॅटो बंद केले,
दोन वर्षं द्वारकीनं काकडीच्या बिया
नखानं काढल्या, एक एक.
मुकादम म्हणाले, बियांनी काही होत नाही, खुशाल खा.
द्वारकी त्या दिवशी
जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

धक्क्यावर तिकिटं फाडणारा पद्माकर थांबला होता,
बघू, बघू करत.
फुटलं तेव्हा मध्यरात्र, पेणवरून पनवेल गाठलं.
आठ महिने पोटाला पिशवी लावून त्यानं तिकिटं फाडली.
"आवाज यायचा रे, भर गर्दीत," म्हणाला,
"मी आपला इंजिनाकडं बघायचो."
आणि पोयनाडचा आमचा शिरीष,
त्यानं वेळेत कापून घेतलं, वीतभर.
आता पोपटीला सगळ्यात आधी हजर,
तरी शेंग सोलता सोलता
एक हात कुशीवर ठेवतो.

"शांत असताना काढू," मुकादम म्हणाले.
"उसळलेलं असताना हात घालावा लागला
तर पिशवी टळेलच असं नाही."
"पुन्हा नाही ना होणार?"
"बहुतेक नाही."
एवढा एक शब्द घेऊन
एसटीत उभ्यानं घरी आलो.
बहुतेक.

बापूस सांगायचा, बांध भांगाला घालायचा.
उधाणाला फक्त राखण,
कंदील, दोन माणसं आणि तोंडात शिव्या.
पण बांध आणि पोट एक नाही, कळतं मला.
बांधाला दुखत नाही.
बांधाला भूल देऊन कुणी
कागदावर सही मागत नाही,
आणि जागा होशील ना, असं
कुणी त्याला अंधारात विचारत नाही.
द्वारकीनं विचारलं. परवा.
मी झोपेचं सोंग घेतलं.

आज पुन्हा अष्टमी.
खाडी चिखल उघडा टाकून लांब गेलीय,
कुर्ल्या बिळांच्या तोंडाशी बसून
आपापले डोळे वर करतात.
तीन आठवडे झाले, दुखलं नाही.
नेमकं म्हणूनच ठरत नाही.
दुखताना मी दहादा हो म्हटलेलं आहे.

फॉर्म मिठाच्या बरणीखाली ठेवलाय.
या हवेनं कागद पापडासारखा सर्दावलाय,
पेन टेकवलं की शाई पसरते.
द्वारकीनं तो उचलला, काही न बोलता
चुलीच्या वाइलावर,
विस्तवापासून हातभर लांब,
सुकत ठेवला.